जुन्या नोंदी आणि नवी पत्रके : संगणकीय माहितीचे छापील अहवाल तयार करताना घ्यावयाची दक्षता

शाळेचे दप्तर ही गावाची लेखी स्मृती होय. गावातील कोण केव्हा जन्मला, केव्हा शाळेत आला, कोणत्या इयत्तेतून गेला आणि कोणत्या कारणाने शाळा सोडून गेला, ह्याची सलग नोंद शाळेच्या दाखलखारीज रजिस्टराइतकी इतरत्र क्वचितच आढळते. पूर्वी हे काम दौत, टाक आणि जाड पुठ्ठ्याची वही ह्यांवर चाले. सांप्रत ते बव्हंशी संगणकावर चालते. साधन बदलले, तरी नोंदीची जबाबदारी बदललेली नाही. जुन्या संगणक-प्रणालीतील माहिती नव्या प्रणालीत नेऊन तेथून पत्रके छापण्याची वेळ येते तेव्हा ह्या जबाबदारीची कसोटी लागते. आकडे तेच, नावे तीच, आणि तरीही छापून आलेल्या पत्रकात एखाद्या मुलाची जन्मतारीख बदललेली, कोणाचे आडनाव अर्धवट तुटलेले, तर कोणाची जात भलतीच झालेली आढळते. असे का होते आणि ते कसे टाळावे, ह्याचे विवेचन येथे केले आहे.

पार्श्वभूमी

जिल्हा परिषदांची स्थापना १ मे १९६२ रोजी झाली. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेश राज्यात, नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. साहजिकच जुन्या शाळांतील रजिस्टरांचे नमुने, रकाने व परिभाषा काळानुसार बदलत गेल्या. प्रत्येक वेळी कोणीतरी शिक्षकाने जुन्या वहीतील मजकूर नव्या वहीत उतरवून घेतला असणार. तेव्हा एका साधनातून दुसऱ्या साधनात माहिती नेण्याचे हे काम शाळांना नवीन नाही.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. सध्या भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी असे सात तालुके आहेत. ह्या विभाजनाचाही नोंदींशी निकट संबंध आहे. त्याचा विचार पुढे येईल.

संगणकीय माहितीचा क्रम असा आहे. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या काळात, १९९४-९५ च्या सुमारास, ‘डायस’ ही शाळांविषयीची माहिती-पद्धती सुरू झाली. २०१२-१३ पासून प्राथमिक व माध्यमिक माहिती एकत्र करून ‘यू-डायस’ झाली. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ‘सरल’ प्रणाली आणली व विद्यार्थीनिहाय नोंदी संगणकावर आल्या. २०१८-१९ पासून ‘यू-डायस प्लस’ आणि २०२२-२३ पासून त्यातही विद्यार्थीनिहाय माहिती भरणे सुरू झाले. ह्याशिवाय अनेक शाळांनी व कार्यालयांनी आपापल्या सोयीसाठी डीबेस, फॉक्सप्रो किंवा एक्सेल ह्यांत स्वतःच्या याद्या ठेवल्या होत्या. पैकी फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ साली निघाली आणि तिला मिळणारे कंपनीचे साहाय्य २०१५ साली बंद झाले. अशा याद्या आज ना उद्या नव्या साधनात न्याव्याच लागतात.

साठा आणि पत्रक ह्यांतील भेद

प्रथम एक मूलभूत गोष्ट ध्यानात घ्यावी. माहितीचा साठा वेगळा आणि त्यावरून छापलेले पत्रक वेगळे. दाखलखारीज रजिस्टर हा साठा होय. त्यावरून तयार केलेली वर्गवार यादी, प्रवर्गवार गोषवारा किंवा शाळा सोडल्याचा दाखला ही पत्रके होत. साठा एकच असतो. पत्रके प्रसंगानुसार अनेक निघतात.

जुनी प्रणाली सोडताना माणसे साठा उचलतात. पत्रकाची घडण मात्र मागेच राहते. कोणता रकाना किती रुंद, कोणत्या क्रमाने नावे लावावयाची, बेरीज कोठे घ्यावयाची, पानाच्या माथ्यावर काय छापावयाचे, हे नियम जुन्या प्रणालीने साठ्याबाहेर वेगळ्या फायलींत ठेवलेले असतात. त्या नव्या प्रणालीला वाचता येत नाहीत. म्हणून साठा नेण्यापूर्वी जुन्या प्रत्येक पत्रकाची एक एक छापील प्रत काढून ठेवावी आणि तिच्या समासात प्रत्येक रकान्याचा अर्थ, क्रम व बेरजेची रीत हाताने लिहून ठेवावी. पुढे नवे पत्रक घडविताना हीच प्रत आराखडा म्हणून उपयोगी पडते.

लिपीचा प्रश्न

मराठी पत्रकांची सर्वांत मोठी अडचण लिपीची आहे. जुन्या काळी मराठी अक्षरे संगणकावर आणण्यासाठी अनेक खासगी फॉन्ट प्रचारात होते. त्यांची युक्ती अशी की साठ्यात प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत साठविले जात आणि त्या संकेतांवर मराठी आकृती चढविली जाई. तो विशिष्ट फॉन्ट संगणकात असेतो मजकूर मराठी दिसे. तो नसला की त्याच जागी रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी उमटते. नव्या संगणकावर छापलेली यादी वाचता येत नाही, ही तक्रार बहुधा ह्याच कारणाने उद्भवते.

युनिकोड पद्धतीत प्रत्येक मराठी वर्णाला स्वतःचा कायमचा संकेत आहे. यास्तव जुना मजकूर प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे अगत्याचे आहे. हे रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. तथापि त्यांचे काम डोळे मिटून स्वीकारू नये. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठविला जाई. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर आणि रफार अक्षराच्या आधी येतो. म्हणून रूपांतरात चूक झाली तर ती प्रायः ह्याच दोन ठिकाणी होते. तपासणीसाठी ‘किर्ती’, ‘दर्शना’, ‘विद्यार्थी’, ‘वऱ्हाडे’, ‘ज्ञानेश्वर’, ‘लक्ष्मी’ अशी वेलांटी, रफार, अर्धा ऱ व जोडाक्षरे असलेली नावे मुद्दाम निवडून पाहावीत. ‘राम’ किंवा ‘गजानन’ हे नाव बरोबर आले, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरी बाब अक्षरांच्या मोजणीची. ‘विद्यार्थी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. परंतु संगणक त्यात व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ आणि दीर्घ वेलांटी असे दहा संकेत मोजतो. काही प्रणाली तर संकेतांऐवजी बाइट मोजतात आणि नेहमीच्या साठवणीत प्रत्येक देवनागरी संकेताला तीन बाइट लागतात. ‘ज्ञानेश्वर पांडुरंग वऱ्हाडे’ हे नाव घ्या. त्यात पंचवीस देवनागरी संकेत व दोन मोकळ्या जागा आहेत; म्हणजे एकूण सत्त्याहत्तर बाइट झाले. नावाच्या रकान्यास पन्नास बाइटांची मर्यादा असेल, तर साठ्यात केवळ ‘ज्ञानेश्वर पांडुर’ एवढेच राहील आणि आडनाव समूळ नाहीसे होईल. पत्रकाचा रकाना कितीही रुंद केला तरी ते परत येणार नाही, कारण ते साठ्यातच उरलेले नाही. म्हणून नवीन प्रणालीत नावाच्या रकान्याची मर्यादा प्रथमच सढळ ठेवावी आणि शाळेतील सर्वांत लांब नाव घालून ती पारखून घ्यावी.

तिसरी बाब वर्णक्रमाची. जुन्या फॉन्टांतील यादी वर्णानुक्रमे लावली तर ती रोमन संकेतांच्या क्रमाने लागते व मराठी क्रमाशी तिचा मेळ बसत नाही. युनिकोडमध्ये क्रम पुष्कळसा सुधारतो; तरी ‘ळ’ हा वर्ण संकेतक्रमात ‘ल’च्या लगेच नंतर येतो, मराठी वर्णमालेत मात्र तो ‘ह’नंतर येतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ही जोडाक्षरे असल्यामुळे संकेतक्रमात अनुक्रमे ‘क’ व ‘ज’ ह्यांच्या गटात जातात. मराठी भाषेचा क्रम निवडण्याची सोय प्रणालीत असल्यास ती वापरावी. नसल्यास ‘क्षमा’ हे नाव यादीच्या अखेरीस न सापडता मध्येच सापडेल, हे ध्यानात ठेवावे.

तारखा

जन्मतारीख हा शाळेच्या दप्तरातील सर्वांत नाजूक रकाना होय. भारतात दिवस, महिना, वर्ष असा क्रम चालतो; अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ०३/०४/२०१६ ही ३ एप्रिलची तारीख ४ मार्च म्हणून साठविली जाते. २५/०४/२०१६ ही तारीख मात्र अमेरिकी क्रमाने अर्थहीन असल्यामुळे ती केवळ मजकूर म्हणून तशीच राहते. ह्याचा परिणाम असा की यादीतील काही तारखा बरोबर, काही चुकीच्या आणि सर्व दिसावयास सारख्याच. पहिल्या बारा तारखांना जन्मलेली मुले तेवढी चुकीत सापडतात. म्हणून तपासणीसाठी तारखा निवडताना दिवसाचा आकडा बाराच्या आतील असलेल्याच घ्याव्यात.

जुन्या प्रणालींत जागा वाचविण्यासाठी वर्षाचे दोनच अंक ठेवण्याचा प्रघात होता. एक्सेलचा नेहमीचा नियम असा की ०० ते २९ हे अंक २००० नंतरचे आणि ३० ते ९९ हे १९०० नंतरचे धरावयाचे. त्यामुळे १९२८ साली जन्मलेल्या माजी विद्यार्थ्याचे वर्ष २०२८ होऊन बसते. १९०० पूर्वीच्या तारखा तर एक्सेल तारीख म्हणून ओळखतच नाही; त्या मजकूर म्हणूनच ठेवाव्या लागतात. शंभर वर्षे ओलांडलेल्या शाळांनी ह्याकडे विशेष लक्ष द्यावे.

रजिस्टरात जन्मतारीख अंकी व अक्षरी अशी दोन्ही लिहिण्याची परंपरा आहे. ही परंपरा संगणकीय पत्रकातही राखावी आणि अक्षरी तारीख अंकी तारखेवरून यंत्राने आपोआप न काढता मूळ रजिस्टरावरून स्वतंत्रपणे भरावी. दोहोंत विसंगती दिसली की चूक तत्काळ उघडकीस येते.

अंक, संकेतांक आणि कोऱ्या जागा

सर्वच अंक हे गणिताचे अंक नसतात. बेरीज-वजाबाकीस उपयोगी पडतो तो अंक गणिताचा. केवळ ओळख पटविणारा अंक म्हणजे एक प्रकारचे नावच होय. विद्यार्थ्याचा सरल क्रमांक, आधार क्रमांक, बँकेचा खातेक्रमांक, शाळेचा यू-डायस संकेतांक ही सर्व अशी नावे आहेत. ती गणिताचा अंक म्हणून साठविली तर तीन अपाय होतात. पहिला, आरंभीची शून्ये गळतात. शून्याने सुरू होणारा खातेक्रमांक अपुरा होतो. दुसरा, एक्सेलच्या सामान्य मांडणीत बारा अंकी आधार क्रमांक संक्षिप्त घातांकाच्या रूपात छापला जातो. तिसरा अपाय सर्वांत गंभीर. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधरा अंकच खरे ठेवते. एकोणीस अंकी सरल क्रमांकाचे शेवटचे चार अंक त्यामुळे शून्य होतात आणि एकाच शाळेतील निरनिराळ्या मुलांचे क्रमांक सारखेच दिसू लागतात. माहिती आत घेण्यापूर्वीच तो रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून ठरविला तर हे तिन्ही अपाय टळतात. नंतर ठरवून गेलेले अंक परत येत नाहीत.

यू-डायस संकेतांक अकरा अंकी असतो. पहिले दोन अंक राज्याचे, नंतरचे दोन जिल्ह्याचे, दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. महाराष्ट्राचा अंक २७ व भंडारा जिल्ह्याचा १० असल्यामुळे जिल्ह्यातील प्रत्येक शाळेचा संकेतांक २७१० ने सुरू झाला पाहिजे. छापील यादीवर नुसती नजर फिरविली तरी २७११ ने सुरू होणारा, म्हणजे गोंदिया जिल्ह्याचा, संकेतांक चुकून शिरला असल्यास चटकन ओळखता येतो.

कोरी जागा आणि शून्य ह्यांतही भेद आहे. समजा, पाच मुलांच्या चाचणीत चौघांना ८, ६, ९ व ७ गुण मिळाले आणि पाचवा अनुपस्थित होता. चौघांची सरासरी साडेसात येते. जुन्या प्रणालीतील कोरी जागा नव्या प्रणालीत शून्य म्हणून गेली तर पाचांची सरासरी सहा येते आणि वर्गाची प्रगती उगाच खालावलेली दिसते. म्हणून अनुपस्थित मुलाच्या रकान्यात ‘अनु.’ असा स्पष्ट शेरा असावा.

पुसलेल्या नोंदी व गटांच्या बेरजा

डीबेस व फॉक्सप्रो ह्या प्रणालींची एक रीत अनेकांस ठाऊक नसते. त्यांत एखादी नोंद रद्द केली म्हणजे ती लगेच नाहीशी होत नाही. तिच्यावर केवळ रद्द झाल्याची खूण होते आणि साठा आवळून घेण्याची वेगळी आज्ञा देईपर्यंत ती तेथेच राहते. जुनी प्रणाली ती खूण पाहून नोंद छापत नसे. नव्या प्रणालीने ती खूण पाहिली नाही तर दुबार म्हणून खोडलेली मुले पुन्हा यादीत अवतरतात. पटसंख्या अकारण वाढलेली दिसली तर प्रथम हे कारण तपासावे.

वर्गवार किंवा प्रवर्गवार पत्रकात प्रत्येक गटाखाली बेरीज येते. ही बेरीज करण्याची यंत्राची रीत साधी आहे. ओळीमागून ओळ छापीत असताना गटाचे नाव बदलले की यंत्र आधीच्या गटाची बेरीज मांडते आणि नवा मथळा देते. म्हणून नोंदी त्या गटाच्या क्रमाने आधीच लावलेल्या असाव्या लागतात. जुन्या प्रणालीत हा क्रम वेगळ्या अनुक्रम-फायलीत असे. ती मागे राहिली की इयत्ता तिसरीचा मथळा एकदा पहिल्या पानावर आणि पुन्हा तिसऱ्या पानावर येतो व दोन्हीकडील बेरीज अपुरी असते. उपाय एवढाच की छपाईपूर्वी नोंदी प्रथम इयत्तेने, नंतर तुकडीने आणि मग नावाने लावून घ्याव्यात.

मूळ शब्द जसाच्या तसा

गट पाडताना शब्दलेखनाचा प्रश्न येतो. एका नोंदीत ‘ढिवर’ आणि दुसरीत ‘ढीवर’ असे लिहिले असेल तर यंत्र त्यांचे दोन गट करते. अशा वेळी सर्व नोंदी एकसारख्या करून टाकण्याचा मोह होतो. हा मोह कटाक्षाने टाळावा. जातपडताळणी समितीपुढे शाळेची जुनी नोंद हा महत्त्वाचा पुरावा असतो. अनुसूचित जाती व जमातींसाठी १९५० पूर्वीच्या, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी १९६१ पूर्वीच्या आणि इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ पूर्वीच्या नोंदींना विशेष मोल आहे. त्या काळच्या लेखनिकाने जे लिहिले तेच खरे धरले जाते.

शब्दाच्या एका भागाने केवढा फरक पडतो, ह्याचे उदाहरण विदर्भातच आहे. ‘गोवारी’ आणि अनुसूचित जमातींच्या यादीतील ‘गोंड गोवारी’ ह्या दोन नावांचा वाद अनेक वर्षे चालला. ह्याच मागणीसाठी निघालेल्या मोर्चात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूर येथे चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी बांधव मृत्युमुखी पडले. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दोन नावे एकच मानता येणार नाहीत असा निर्णय दिला. ज्या ठिकाणी एका शब्दावर एवढे अवलंबून असते, त्या ठिकाणी रकाना अरुंद राहिल्याने ‘गोंड गोवारी’चे नुसते ‘गोंड’ छापले गेले, तर ती केवळ छपाईची चूक म्हणून सोडून देता येत नाही.

ह्यावर सुलभ मार्ग असा. साठ्यात दोन रकाने ठेवावेत. पहिला ‘मूळ नोंद’. त्यात रजिस्टरातील शब्द ऱ्हस्वदीर्घासह जसाच्या तसा असावा. दुसरा ‘पत्रकासाठी गट’. त्यात गोषवाऱ्यासाठी एकसारखे केलेले नाव असावे. गोषवारा दुसऱ्या रकान्यावरून काढावा. दाखला मात्र नेहमी पहिल्यावरूनच द्यावा.

जन्मस्थळाचीही तीच गोष्ट. १९७० साली ज्या मुलाचे जन्मस्थळ ‘तिरोडा, जि. भंडारा’ असे नोंदविले गेले, त्याची नोंद आजही तशीच राहिली पाहिजे. नव्या प्रणालीतील गावांच्या तयार यादीत तिरोडा गोंदिया जिल्ह्यात दिसते, म्हणून जुनी नोंद बदलणे उचित नाही. दाखल्यावर मूळ नोंद द्यावी. आवश्यक तर शेऱ्यात सध्याचा जिल्हा लिहावा. नाव, जन्मतारीख व जात ह्यांत दुरुस्ती करावयाची झाल्यास ती सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आज्ञेवाचून करू नये. संगणक बदलला हे दुरुस्तीचे कारण होऊ शकत नाही.

कागद आणि पानाची मांडणी

जुनी पत्रके ठोक्याच्या प्रिंटरवर, कडेला छिद्रे असलेल्या सलग कागदावर छापली जात. त्या यंत्राचे माप अक्षरांनी ठरे. रुंद कागदावर एका ओळीत १३२ अक्षरे व इंचास १० अक्षरे ह्या हिशेबाने ओळ १३.२ इंचांची होई. अकरा इंचांच्या पानावर इंचास ६ ओळी धरून ६६ ओळी बसत आणि ६६ ओळी झाल्या की नवा मथळा येई. सांप्रत वापरात असलेला ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. त्यावर तेच पत्रक उभे छापले तर ते निम्म्याच्या जवळपास आकुंचित करावे लागते आणि वाचता येत नाही. आडवे छापले तर सुमारे ऐंशी टक्के आकारात बसते. तसेच ए-फोरच्या लांबीत ह्या हिशेबाने सुमारे ७० ओळी बसत असल्यामुळे दुसऱ्या पानाचा मथळा पहिल्याच पानाच्या तळाशी येतो व पुढे तो प्रत्येक पानागणिक सरकत जातो. म्हणून ओळी मोजून पान पाडण्याची जुनी रीत सोडून प्रत्येक पानाचा मथळा आपोआप यावा अशी आज्ञा द्यावी. एक्सेलमध्ये ही सोय पानाच्या मांडणीत ‘प्रिंट टायटल्स’ ह्या नावाने असते.

रकान्यांची रुंदी अंदाजाने न ठेवता आधी कागदावर हिशेब करावा. आडव्या ए-फोर कागदावर शिवणीसाठी डावीकडे २० आणि उजवीकडे १२ मिलिमीटर सोडले म्हणजे २६५ मिलिमीटर उरतात. विद्यार्थी-यादीसाठी त्यांची वाटणी पुढीलप्रमाणे करता येईल :

अनुक्रमांक – १२
रजिस्टर क्रमांक – २०
विद्यार्थ्याचे पूर्ण नाव – ७०
आईचे नाव – ३५
जन्मतारीख – २५
जात (मूळ नोंद) – ३८
प्रवेशाची तारीख – २५
शेरा – ४०
एकूण – २६५ मिलिमीटर

नाव एका ओळीत मावत नसेल तर अक्षर लहान करण्याऐवजी ते दोन ओळींत मोडू द्यावे. मात्र ओळीची उंची ठरीव ठेवू नये. मराठीत मात्रा वर व उकार खाली येत असल्यामुळे ठरीव उंचीत ‘कुऱ्हाडे’चा उकार किंवा ‘कैलास’च्या मात्रा कापल्या जातात आणि ‘कैलास’चा ‘कलास’ होतो. अनेक पानांच्या पत्रकात प्रत्येक पानाच्या तळाशी पानाची बेरीज, पुढील पानाच्या आरंभी ‘मागील पानावरून पुढे’ आणि अखेरीस एकूण बेरीज ही जमाखर्चाच्या वहीतील जुनी रीत संगणकीय पत्रकातही उत्तम ठरते. पानावर ‘पृष्ठ ३ पैकी २’ असा क्रमांक, शाळेचे नाव, यू-डायस संकेतांक आणि माहिती कोणत्या तारखेची आहे ते छापावे. छपाईची तारीख आणि माहितीची तारीख ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ३० सप्टेंबरची पटसंख्या डिसेंबरात छापली तरी ती ३० सप्टेंबरचीच राहते.

आधार क्रमांक अनेकांच्या हाती जाणाऱ्या पत्रकात संपूर्ण छापू नये. शेवटचे चार अंक पुरेसे आहेत.

तपासणीची रीत

नवे पत्रक तयार झाले की ते पुढे पाठविण्यापूर्वी पुढील क्रमाने पडताळून पाहावे.

(१) जुन्या व नव्या साठ्यातील एकूण नोंदी मोजाव्यात. संख्या एकने जरी भिन्न असली तरी कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

(२) इयत्तावार मुले व मुली ह्यांच्या बेरजा दोन्ही पत्रकांत जुळतात का ते पाहावे. एकूण बेरीज जुळून आतील बेरजा न जुळणे शक्य असते.

(३) रजिस्टरातील पहिली, मधली व शेवटची नोंद आणि त्यांखेरीज दहा अवघड नोंदी निवडून मूळ वहीशी अक्षरशः ताडून पाहाव्यात. लांब नावे, जोडाक्षरे, बाराच्या आतील तारखा, जुनी जन्मस्थळे ह्यांचा त्यांत समावेश असावा.

(४) हे वाचन दोघांनी करावे. एकाने मूळ वहीतील मजकूर मोठ्याने वाचावा व दुसऱ्याने छापील पत्रकावर खूण करावी. एकटा वाचणारा पुष्कळदा जे असावयास हवे तेच वाचतो.

(५) निदान एक त्रैमासिक जुनी व नवी अशा दोन्ही पद्धतींनी पत्रके काढावीत. दोन्ही निर्वेध जुळल्यावरच जुनी प्रणाली बंद करावी. तिच्या साठ्याची एक प्रत मात्र त्यानंतरही वेगळी जपून ठेवावी.

(६) अंतिम पत्रकाची पीडीएफ प्रत ठेवावी आणि तीत फॉन्ट अंतर्भूत आहे ह्याची खात्री दुसऱ्या संगणकावर उघडून करावी. तथापि पीडीएफमधून मराठी मजकूर उचलून घेतला तर तो अनेकदा विस्कळीत होतो. यास्तव पीडीएफसोबत मूळ साठाही राखणे आवश्यक आहे.

ज्या शाळेत एक-दोनच शिक्षक आहेत, तेथे हे सर्व एकट्याने करणे कठीण आहे. अशा शाळांनी केंद्रशाळेतील मासिक परिषदेच्या दिवशी आपली रजिस्टरे व छापील याद्या सोबत आणून शेजारच्या शाळेशी परस्पर वाचन करावे. दोन शाळांची दीडशे मुलांची यादी दोन तासांत तपासून होते.

उपसंहार

छापील पत्रक नेटके, सरळ रेघांचे व स्वच्छ अक्षरांचे असले की त्यावर सहज विश्वास बसतो. हस्तलिखितातील खाडाखोड पाहणाऱ्यास सावध करते; यंत्राने छापलेली चूक मात्र बिनखाडाखोडीची असल्यामुळे ती वर्षानुवर्षे खरी समजली जाते. तिचा भार शेवटी ज्याच्यावर पडतो तो विद्यार्थी त्या वेळी सहा-सात वर्षांचा असतो व आपल्या नावातील काना कोठे हरवला हे त्याला सांगता येत नाही. दहा-पंधरा वर्षांनी तो दाखला घेऊन महाविद्यालयात, नोकरीच्या ठिकाणी किंवा पडताळणी समितीपुढे उभा राहतो तेव्हा चूक उघडकीस येते आणि ती निस्तरण्यासाठी त्याच्या आईबापांना मजुरी बुडवून तालुक्याच्या व जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घालावे लागतात.

ह्यास्तव संगणकीय पत्रकावर स्वाक्षरी करण्यापूर्वी प्रत्येक मुख्याध्यापकाने मूळ रजिस्टर उघडून पाहावे. प्रणाली आजवर अनेक बदलल्या आणि पुढेही बदलतील. शाळेच्या कपाटातील दाखलखारीज रजिस्टर हे कायमचे दप्तर आहे. नव्या यंत्रातून निघालेले पत्रक त्या वहीशी जुळले म्हणजेच ते बरोबर, हा दंडक शाळांनी पाळावा.